नाही दाखवणार मी माझ्या मुलीला ते चित्र

ओला_कॅनव्हास:
आमच्या शाळेच्या पालक-गटावर काल एक चित्र आलं. बर्फातून तीन लहान मुलं घसरगाडी ओढतायत, गाडीवर पाण्याचं अवाढव्य पिंप, पिंपावरून ओघळलेलं पाणी जागच्या जागी गोठलेलं. खाली मजकूर: 'एसीत बसून मोबाईलवर खेळणाऱ्या आपल्या मुलांना आज रात्री जेवताना हे चित्र दाखवा. भाजीला पुन्हा नाक मुरडणार नाहीत.' मग धडाधड अंगठे, नमस्कार, आणि एका बाबांचं 'गरिबीतच खरे संस्कार होतात'. चित्रकाराचं नाव नाही, साल नाही, देशही नाही. एका आईने विचारलं, 'काश्मीरचं का हो?'

तिथेच लिहिणार होते, पण तिथे मी 'चित्रकलेच्या बाई'. जरा जास्त बोललं की मुख्याध्यापकांपर्यंत जातं. म्हणून इथे.

चित्र रशियन चित्रकार वासिली पेरोवचं, 'त्रोइका', १८६६. त्रोइका म्हणजे तीन घोड्यांची गाडी. रशियात तिच्यावर गाणी आहेत. वेग, मस्ती, सगळं तिच्यात. पेरोवने घोड्यांच्या जागी पोरं जुंपली. १८६१ साली भूदास, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेले शेतकरी, मोकळे झाले, तरी खेड्यातली पोरं शहरात कारागिरांकडे धंदा शिकायला म्हणून जायची आणि शिकण्याआधी त्यांचं पाणी भरायची. चित्राच्या पुऱ्या नावातच आहे ते, पाणी वाहणारी शिकाऊ पोरं म्हणून. ही थप्पड मोठ्यांना आहे हो! ज्याने ती मालकाच्या कानाखाली काढली, त्याचंच चित्र आपण पोराला भेंडी खायला लावायला वापरतो.

गेल्या महिन्यात याच गटावर जुन्या स्पॅनिश चित्रकार मुरिलोची द्राक्षं आणि खरबूज खाणारी दोन पोरं आली होती. 'गरिबीतलं निरागस हसू.' अंगावर धड कापड नाही, पण हसू ना!

चित्रातलं पोर हसत असलं की आपण सुटतो. रडत असलं की आपण आपल्या पोरावर ओरडतो. त्या पोराकडे कोणी बघतच नाही. आणि मला आता अशी शंका येतेय की हा दोष फॉरवर्डवाल्यांचाच नाही, या चित्रप्रकारातच काहीतरी आहे. ही चित्रं पहिल्यापासून पोटभर जेवलेल्यांसाठीच काढली गेली.

रिकामटेकडा_७२:
तो 'संस्कार'वाला बाबा मी नाही, पण असतो तरी मला लाज वाटली नसती. माझे वडील पहाटे चारला उठून पेपर टाकायचे, मग शाळा. आम्ही ताटात काही टाकलं की ते एवढंच म्हणायचे, 'मी एका भाकरीचे दोन दिवस केलेत.' त्यांच्याकडे चित्र नव्हतं, स्वतःचं बालपण होतं. माझ्याकडे ते नाही. माझ्या मुलाने मला फक्त ईएमआय भरताना पाहिलंय. मग मी कुठून आणू? तुम्ही वर्गात दाखवलं की कला आणि आम्ही ताटावर दाखवलं की पाप, असं आहे का?

ओला_कॅनव्हास:
वडिलांनी स्वतःचं सांगितलं. तुम्ही दुसऱ्याचं पोर उसनं आणताय. फरक आहे.

रिकामटेकडा_७२:
बाई, सगळी कला उसनीच असते.

खडीसाखर:
आधी एक. 'मुरिलो' नव्हे, 'मुरीयो'. स्पॅनिशमध्ये दोन एलचा उच्चार तसा होतो. सोलापूरला 'शोलापूर' म्हटलं की आपल्याला राग येतो ना?

आता मुद्दा. मुरीयोला 'गोग्गोड' म्हणून निकालात काढणं फार सोपं झालंय. १६४९ मध्ये त्याच्या गावात, स्पेनमधल्या सेव्हियात, प्लेग आला आणि जवळपास अर्धं शहर गेलं. रस्त्यावरची पोरं हा त्याच्यासाठी 'विषय' नव्हता, दाराबाहेर पडलं की पायात यायची ती. तो स्वतः लहानपणीच पोरका झालेला. आणि त्याचं पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं भिकारी पोर पाहिलंय का कोणी? कोपऱ्यात एकटं बसून अंगावरच्या उवा मारतंय. शेजारी मडकं, फळांची टोपली, जमिनीवर कोळंबीची टरफलं. खिडकीतून तिरपं ऊन येतंय आणि त्या उन्हात काय दिसतं, तर पायाचा मळका तळवा. त्यात हसू कुठेय?

तळव्यांची तर मला नेहमी गंमत वाटते. संतांच्या चित्रात मळके तळवे दिसले की त्या काळात लोक नाकं मुरडत. भिकाऱ्याच्या चित्रात तेच तळवे कौतुकाचे.

ओला_कॅनव्हास:
मुरीयो तर मुरीयो. पण उवावाला पोरगा सुरुवातीचा आहे, आणि नंतर त्याची पोरं हसायला लागली, खेळायला लागली. ती कोणी घेतली? सेव्हियातल्या फ्लेमिश व्यापाऱ्यांनी. स्पेनमधून ती बाहेर गेली, युरोपातल्या दिवाणखान्यांत. उवा मारणारं पोर पुन्हा का नाही काढलं? गिऱ्हाईक!

जुना_सोव्हिएतवाला:
'त्रोइका' म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या लहानपणी 'सोव्हिएत देश' मासिक यायचं, त्याच्या गुळगुळीत कागदाची वह्यांना कव्हरं. माझ्या भूगोलाच्या वहीवर रशियन चित्रकार रेपिनचे व्होल्गा नदीवरचे गाडीवान होते, वर्षभर. त्यात अकरा जण आहेत आणि मधोमध एक पोरगा, लार्का नाव त्याचं. बाकीचे वाकलेत, हा एकटाच मान वर करून छातीवरचा पट्टा सैल करू बघतोय. मास्तरांनी मला पट्टी मारली की मी त्याच्याकडे बघायचो. मला कोणी 'संस्कार' म्हणून दाखवलं नव्हतं, म्हणून पोचलं असेल कदाचित.

शेवंती:
गाडीवान नव्हे हो, काठावरून दोराने बार्ज, म्हणजे मालाची नाव, ओढणारे. पण कव्हरांचं खरंय! आमच्याकडे त्या कागदाला असा एक वास असायचा. कव्हर घातलं की वही दप्तरात सरसर सरकायची.

जुना_सोव्हिएतवाला:
आणि शाई सांडली तरी पुसता यायची! आजकालचे खाकी कागद म्हणजे...

खडीसाखर:
कव्हरांचा वेगळा धागा काढा.

पोर्ट्रेटवाला:
धागाकर्तीबाईंचं 'पोटभर जेवलेल्यांसाठी' वाचलं आणि डोकं फिरलं. मी कोल्हापूरचा. मी अशीच चित्रं काढतो आणि विकतो. ऊसतोडीच्या फडातली पोरं, वीटभट्टीवरची पोरं. मुंबईत गॅलरीचं भाडं, फ्रेमा, टेम्पो, सगळं भरून एका आठवड्यात दोन चित्रं गेली तर मी नशीबवान. विकत घेणारा पोटभर जेवलेलाच असणार, उपाशी माणूस तैलचित्र कशाला घेईल? हा काय शोध लावलात?

मी नाही काढली तर ती पोरं दिसणार कुठे? वर्तमानपत्रात ऑक्टोबरमध्ये एकदा, गाळप सुरू झालं की. आणि फुकट नाही काढत. दोनशे रुपये आणि जेवण देतो बसणाऱ्याला. तुमच्या त्या पेरोवने किती दिले कोणास ठाऊक.

कटिंग:
दोनशे कोणाच्या हातात देता? पोराच्या की बापाच्या?

पोर्ट्रेटवाला:
आईच्या. का?

कटिंग:
विचारलं सहज.

शेवंती:
ऑइल आणि लूव्रच्या पलीकडे बघा जरा. १९४३ च्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद बंगालभर पायी हिंडले, नुसती हाडं उरलेली पोरं शाईत उतरवली. त्यांचं पुस्तक 'हंग्री बेंगॉल' छापून झालं तर इंग्रजांनी प्रती जप्त करून जाळल्या. गोड नव्हती म्हणूनच जाळली ना? पुढे तो माणूस अंधेरीत राहिला, आपल्या अंधेरीत, आणि राबणाऱ्या मुलांची लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली चित्रं) मालिका केली, 'परीकथा नसलेले देवदूत' अशा नावाची. पुढे डेन्मार्कच्या युनिसेफने ती छापली. मुंबईत किती जणांना माहीत आहे? आणि आपण मुरीयोच्या उच्चारावर भांडतोय.

पोर्ट्रेटवाला:
लिनोकट म्हणजे वास्तववादी पेंटिंग नव्हे. विषय वेगळा आहे.

शेवंती:
हो का. मग पोरं वेगळी असतील.

कटिंग:
मघाशी 'सहज' म्हणालो, ते काही सहज नव्हतं. लिहितोच आता.

मी नऊ वर्षांचा असताना एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर होतो. सहा ग्लास एका हातात धरून, दुसऱ्या हातात तारेची जाळी, कोर्टापर्यंत. तिथे जवळच्या कला महाविद्यालयाची पोरं यायची स्केचिंगला. त्यातल्या एकाने शेठला विचारलं, याला रविवारी दोन तास बसवतो, पंधरा रुपये देतो. शेठ म्हणाला, घेऊन जा.

माझा आनंद काय सांगू! आईला सांगितलं, माझं चित्र काढणार आहेत. आईने दिवाळीचा शर्ट काढून दिला, निळा, चौकटीचा, दोनदाच घातलेला. केसाला तेल, भांग. गेलो. तो दादा मला बघून हसला, वाईट नव्हता तो. म्हणाला, 'अरे, हा नको. तुझा रोजचा घालून ये. केस पण विस्कट जरा.' मी घरी गेलो. आईने विचारलं, का रे परत आलास? म्हटलं, शर्ट विसरलो.

फाटका घालून दोन तास बसलो. 'असा बघ, खाली बघ, हसू नको.' मला हसू येत होतं, कारण समोर त्याचा मित्र मला वेडावत होता. पंधरा रुपये शेठने ठेवून घेतले. चित्र मला दाखवलं नाही, ओलं आहे म्हणाला.

तेव्हा पोर हसतंय का रडतंय यावर तुम्ही भांडा. मी हसत होतो. त्याने रडका काढला असणार.

रिकामटेकडा_७२:
नि:शब्द.

पोर्ट्रेटवाला:
वाईट वाटलं, खोटं नाही बोलत. पण कटिंगभाऊ, एका विद्यार्थ्यावरून सगळ्यांना फासावर देऊ नका. रोजचा शर्ट घालायला सांगणं म्हणजे खोटेपणा नव्हे. तो कामाचा वेश असतो. राजेसाहेबांना आपण दरबारी पोशाखात काढतोच ना?

कटिंग:
राजेसाहेबांना विचारतात, कोणता घालू. मी सांगितलं होतं कोणता ते.

पोर्ट्रेटवाला:
निळ्या चौकटीच्या शर्टात तेल लावून बसलेला पोरगा म्हणजे स्टुडिओतला फोटो झाला. त्यात टपरी कुठे दिसली असती?

शेवंती:
हातात दिसली असती. सहा ग्लास धरणाऱ्या हातात. नवीन शर्ट आणि ते हात, चित्र तिथेच तर होतं! कटिंगच्या त्या दादाला ते दिसलं नाही कारण त्याच्या डोक्यात 'गरीब मुलगा' आधीच काढून झाला होता.

पोर्ट्रेटवाला:
घरबसल्या कंपोझिशन सांगणं सोपं असतं मॅडम. ब्रश धरा एकदा.

शेवंती:
धरलाय. इंटरमिजिएटला ए ग्रेड होती.

पोर्ट्रेटवाला:
वा! मग काय, बोलणंच खुंटलं.

खडीसाखर:
भांडण थांबवायला नाही, पण विषयाला धरून सांगतो, कारण पेरोवला वर 'किती दिले कोणास ठाऊक' म्हटलंय. ते त्याने स्वतः लिहून ठेवलंय, पैशाचं नव्हे, बाकीचं.

'त्रोइका'तली कडेची दोन पोरं झाली होती, मधल्याचा चेहरा मिळेना. मॉस्कोच्या वेशीपाशी त्याला यात्रेला निघालेली एक खेडूत बाई दिसली, मार्या, आणि तिचा मुलगा वास्या. बाई तयार होईना. चित्र काढलं की माणूस झिजतं, मरतं, असं तिच्या गावी मानत. पेरोवने समजावलं की अहो, राजे आणि बिशपसुद्धा काढून घेतात. तेव्हा ऐकली. चित्र गाजलं, मॉस्कोतल्या त्रेत्याकोव नावाच्या चित्रसंग्राहकाने विकत घेतलं.

काही वर्षांनी तीच बाई त्याच्या दारात. वास्या देवीच्या साथीत गेला होता. तिने मजुरी केली, होतं नव्हतं ते विकलं, पैसे गाठीला बांधून आली होती, चित्र विकत घ्यायला! पेरोव तिला त्रेत्याकोवकडे घेऊन गेला. खोलीभर चित्रं होती, तिने आपला पोरगा बरोबर ओळखला आणि समोर गुडघे टेकले. पुढे त्याने वास्याचं वेगळं चित्र करून तिच्या गावी पाठवलं. तिने ते देवांच्या शेजारी लावलं.

तर बाई, ही चित्रं फक्त जेवलेल्यांसाठी असतात, हे या एका बाईने खोडून काढलंय.

ओला_कॅनव्हास:
ही गोष्ट मला माहीत होती. मुद्दाम लिहिली नव्हती, कारण ती आली की सगळे विरघळतात आणि वाद संपतो. आणि ती पेरोवने स्वतः लिहिलीय, हे विसरू नका. स्वतःच्या चित्राची साक्ष स्वतःच.

शेवंती:
आणि आईची भीती काय होती? चित्र काढलं की पोर मरेल. पोर मेलं. तिला 'अडाणी' म्हणून समजावणारा मात्र चित्र काढलं त्याच वर्षी अकादमीशियन झाला, म्हणजे कला अकादमीचा मानाचा किताब मिळाला त्याला.

खडीसाखर:
देवीने गेला तो. चित्राने नव्हे. एवढं तरी मान्य करा.

शेवंती:
केलं. बरं वाटलं?

कटिंग:
मला त्या आईचं पटलं. तिला चित्र चांगलं की वाईट, खरं की खोटं, काही नव्हतं. तिला तिचा पोरगा हवा होता. पण बघा हं, तिच्या घरी जे गेलं ते गाडी ओढणारं नाही, वेगळं काढलेलं. त्यात त्याला कोणता शर्ट होता ते कुठे लिहिलंय का?

खडीसाखर:
शर्टाचं माझ्या वाचनात नाही.

कटिंग:
तेच.

जुना_सोव्हिएतवाला:
फ्रान्समध्ये पेलेझ नावाचा चित्रकार होता, १८८५ चं चित्र, फुलं विकणारं पोर दारात बसल्या बसल्या झोपलंय. नाव काय दिलं तर 'हुतात्मा'. मला ते फार आवडतं. व्यवस्थेवर केवढा प्रहार!

कटिंग:
झोपलंय ना? झोपू द्या की त्याला.

रिकामटेकडा_७२:
मी मघापासून गप्प आहे पण एक बोलतो. कायद्याने चौदाच्या आतल्या पोराला कामावर ठेवायला बंदी आहे, २०१६ ला दुरुस्ती झाली, तरी घरच्या धंद्यात 'मदत' चालते. माझ्या सोसायटीखालच्या इस्त्रीवाल्याचा मुलगा शाळेतून आला की कपडे पोचवतो. तो आमच्या मजल्यावर आला की माझा मुलगा दार उघडतो, दोघं एकाच इयत्तेत. मी पालक-गटावर ते बर्फातलं चित्र फॉरवर्ड केलं तेव्हा हा पोरगा दारात उभा होता. हो, फॉरवर्ड मी पण केलं, आमच्या गटावर. आता हसा.

ओला_कॅनव्हास:
हसत नाही. कबूल केलंत, एवढं कोणी करत नाही. फक्त तुमच्या मुलाला ते चित्र दाखवण्याऐवजी त्या मुलाचं नाव विचारा, आणि मग...

रिकामटेकडा_७२:
नाव माहीत आहे हो. तुम्ही लगेच फळ्यासमोर उभ्या राहता.

पोर्ट्रेटवाला:
कटिंगभाऊ, राग सोडा. कोणतं गाव, साधारण कोणतं साल? आमची लाईन छोटी आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. त्या काळातल्या विद्यार्थ्यांची कामं कॉलेजच्या माळ्यावर पडलेली असतात. शोधून बघतो. मिळालं तर तुम्हाला फोटो पाठवतो.

कटिंग:
नको. मिळालं तरी त्यात मी नाही, तो फाटका शर्ट आहे.

आणि एक सांगू? दोनशे आईच्या हातात देता ना, ते चालू ठेवा. आणि चित्र झालं की पोराला दाखवा. ओलं असलं तरी. हात नाही लावत आम्ही.

पोर्ट्रेटवाला:
दाखवतो. म्हणजे... नेहमी नाही दाखवलं. आता दाखवेन.

शेवंती:
(स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.)

पोर्ट्रेटवाला:
ठेवा. ए ग्रेडच्या सर्टिफिकेटशेजारी लावा.

खडीसाखर:
बाई, तुमचा मूळ प्रश्न राहिलाच. या चित्रप्रकारातच खोट आहे का? मला अजून वाटतं, नाही.

ओला_कॅनव्हास:
मला अजून वाटतं, आहे. 'त्रोइका'वरून मात्र माझी थोडी पंचाईत झालीय. काल रात्री हे सगळं टाइप करताना लेक मागून बघत होती, आठ वर्षांची. मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात तिने विचारलं, 'त्या कुत्र्याचं नाव काय?' चित्रात पोरांच्या बाजूने एक कुत्रा धावतोय, मी वीस वर्षं त्याच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. म्हटलं, माहीत नाही. मग म्हणाली, 'मागे तो माणूस ढकलतोय, मग तो पुढे का नाही येत ओढायला?'

रिकामटेकडा_७२:
म्हणजे शेवटी दाखवलंतच!

ओला_कॅनव्हास:
मी दाखवलं नाही. तिने पाहिलं.

रिकामटेकडा_७२:
बरं बरं. आणि भाजी?

ओला_कॅनव्हास:
भेंडी होती. टाकली तिने.